दिवे विझले, गाणं चालूच

१

रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी दातांच्या डॉक्टरांचा पाय वायरीत अडकला, भिंतीतला प्लग निसटला, अ‍ॅम्प्लिफायरचे सगळे व्हॉल्व्ह हळूहळू विझले, आणि गाणं चालूच राहिलं.

खोलीत त्या वेळी पाच माणसं होती. त्यातल्या तिघांचे डोळे मिटलेले होते. घरमालक बाळू, त्याच्या बायकोचा भाऊ म्हणजे मेहुणा, आणि डॉक्टर. हे तिघं दर रविवारी इथं जमून जुन्या तबकड्या ऐकायचे, आणि उघड्या डोळ्यांनी ऐकणं त्यांच्यात कमीपणाचं समजलं जाई. चौथे बाळूचे वडील, आप्पा. वय चौऱ्याऐंशी, आणि कान असे गेलेले की दारावरची घंटा वाजली हे त्यांना कुणीतरी खांदा हलवून सांगावं लागे. पाचवी माई, बाळूची थोरली बहीण. तिच्या घराला रंग लागत होता म्हणून आठ दिवसांसाठी आलेली.

माईचे डोळे उघडे होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं कानाला यंत्र लावून बसलेल्या बाईला ऐकण्यासाठी डोळे मिटायची गरज वाटत नाही.

"बाळू," ती म्हणाली, "तुझे दिवे गेले."

बाळूनं डोळे उघडले. व्हॉल्व्हच्या काचेच्या नळ्या, एरवी निखाऱ्यासारख्या उजळणाऱ्या, काळ्याठिक्कर पडल्या होत्या. दोन्ही स्पीकरमधून सनई मात्र मजेत वाजत होती.

"कपॅसिटर," तो शांतपणे म्हणाला. "आत वीज साठलेली असते. पुरते थोडा वेळ. जुन्या अस्सल मालाचं लक्षणच आहे ते."

"उलट विझल्यावर आवाज आणखी मोकळा झाला," डॉक्टर म्हणाले.

"मी हेच म्हणणार होतो," मेहुणा म्हणाला.

तिघांनी पुन्हा डोळे मिटले. तेवढ्यात बाळूची बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली. तिनं एकदा विझलेल्या व्हॉल्व्हकडे पाहिलं, एकदा फिरत्या तबकडीकडे, आणि ट्रेमधले कप किणकिणायला लागले. पण चहा न सांडता ती आत आली आणि ट्रे ठेवून गेली.

सनई संपली. माई उठली, तबकडी उलटली आणि सुई टेकवली. दुसरी बाजूही ठणठणीत वाजू लागली.

"अजून किती साठलीय म्हणायची वीज?" तिनं विचारलं.

आता बाळू उठला. त्यानं आणि मेहुण्यानं मिळून अ‍ॅम्प्लिफायरखालचं जड कपाट पुढं ओढलं. मागं, भिंतीच्या कोपऱ्यात, जेवणाच्या डब्याएवढी एक काळी प्लास्टिकची पेटी होती, आजकाल बाजारात मिळतो तसला चिमुकला अ‍ॅम्प्लिफायर. तिच्यावर मुगाएवढा हिरवा दिवा लुकलुकत होता. रेकॉर्ड प्लेअरची वायर तिच्यात जात होती, स्पीकरच्या वायरी तिच्यातून निघत होत्या, आणि तिचा प्लग कपाटामागच्या दुसऱ्याच बोर्डात होता. पंचवीस किलोचा, सत्तर वर्षांचा, बाळूनं तीन वर्षं खपून जिवंत केलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर या भानगडीत कुठंच नव्हता. तो नुसता पेटत होता.

बाळू जमिनीवरच बसला.

"हा खून आहे," तो म्हणाला. "आणि खुनी या खोलीत येणारा-जाणाराच कुणीतरी आहे."

२

अ‍ॅम्प्लिफायर उलटा करून खालचा पत्रा काढला तेव्हा मृत्यूचं कारण कळलं. स्पीकरला आवाज पोचवणारा ट्रान्सफॉर्मर आतून जळून कोळसा झाला होता. कुणीतरी काळजीपूर्वक एक वायर सोडवून ठेवली होती, म्हणजे व्हॉल्व्ह पेटत राहावेत पण पुढं काही जळू नये.

बाळूला हे किती लागलं ते माईला दिसत होतं. बाळू नकाशे काढायच्या कचेरीतला. हातानं इतकी बारीक रेघ ओढायचा की साहेबलोक भिंग लावून बघायचे. मग कचेरीत कॉम्प्युटर आले आणि बाळूला दाखले देण्याच्या खिडकीत बसवलं. त्या वर्षी तो घरात फारसा बोलतच नव्हता. मग कुठल्याशा भंगाराच्या दुकानात त्याला हा गंजका सांगाडा मिळाला आणि त्याच्या हातांना काम मिळालं. एकेक वायर बदलून, एकेक सांधा डाग देऊन, त्यानं तो उभा केला. पूर्ण झाला त्या दिवशी जाहीर करून टाकलं, की आता याचा पत्रा पुन्हा उघडायचा नाही. कुणीच नाही, मीसुद्धा नाही.

"डॉक्टर," बाळू सावकाश म्हणाला, "हा अ‍ॅम्प्लिफायर मला विका म्हणून दोन वर्षं माझ्या मागं कोण लागलंय?"

"मी," डॉक्टर म्हणाले. "मग?"

"आणि आम्ही चार दिवस परगावी गेलो होतो तेव्हा किल्ली कुणाकडं होती?"

डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. "तीस वर्षं तुझे दात सांभाळले मी, बाळू! तुझ्या अक्कलदाढेसाठी रविवारी दवाखाना उघडला!" असं म्हणून ते तरातरा बाहेर पडले, आणि रागाच्या भरात एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात मेहुण्याची चप्पल घालून गेले. पाठोपाठ मेहुणाही उठला आणि उरलेल्या जोडीत पाय सरकवून लंगडत गेला. हाक मारायला कुणी थांबलं नाही.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"खून!" बाळू त्यांच्या कानाशी ओरडला.

"ऊन?" आप्पा म्हणाले. "मग पडदे ओढा."

माई मात्र गुडघे टेकून कपाटामागं वाकली होती. तिला चार गोष्टी दिसल्या. पेटीवर धुळीचा जाड थर होता, म्हणजे हे कालपरवाचं काम नव्हे. पेटी ज्या चार स्क्रूंनी फळीला बसवली होती त्यांच्या माथ्यावरच्या चारही खाचा अगदी उभ्या, एका रेषेत होत्या. वायरी मात्र पांढऱ्या दोऱ्यानं बांधल्या होत्या, दर चार बोटांवर एक गाठ, सगळ्या गाठी सारख्या. आणि पेटीच्या कडेला एक स्टिकर नखानं खरवडलेला होता. त्या ओरखड्यात धूळ नव्हती.

म्हणजे तो ओरखडा आज सकाळचा होता. कपाट सरकल्यानंतरच्या पाच मिनिटांतला.

"माई," बाळू म्हणाला, "एक्स्चेंजमध्ये तू नुसत्या श्वासावरून खोटं बोलणारा ओळखायचीस म्हणतात. मला हा माणूस शोधून दे. सापडेपर्यंत रविवारची बैठक बंद."

"शोधते. आधी सांग, गेल्या वर्षभरात कधी धूर, जळका वास, असं काही?"

"छे. एकदा, आठेक महिने झाले असतील, कचेरीतून आलो तर घरभर करपट वास होता. पण ते हिनं दूध करपवलं होतं."

३

दुसऱ्या दिवशी माई दातांच्या दवाखान्यात खुर्चीत आडवी पडली होती. डॉक्टर रुग्णाशिवाय कुणाशीच बोलणार नाहीत अशी चिठ्ठी दारावर लागली होती, तेव्हा तिनं नाइलाजानं एक दाढ पुढं केली.

"आ करा," डॉक्टर म्हणाले. "बाळूनं पाठवलं?"

"आँ."

"त्याला सांगा, मी दुखावलोय. मी चोरी केली असती तर काहीतरी गेलं असतं ना हो? त्या सांगाड्यातला एक व्हॉल्व्ह जरी काढून नेला असता तरी माझं भलं झालं असतं. हे तर उलटंच. कुणीतरी आपल्या पदरची पेटी आणून तिथं बसवून गेलाय! असला चोर मी आजवर ऐकला नाही."

माईनं आरशाचा दांडा हातानं बाजूला केला. "हे फार बरोबर बोललात. आता सांगा, आवाजात तुम्हाला कधी फरक जाणवला?"

"जाणवला ना!" डॉक्टरांचा राग क्षणभर पळाला. "सहा महिन्यांपूर्वी मी ती जाड वायर आणून दिली, त्या दिवसापासून. गाणाऱ्याच्या ओठांची हालचाल ऐकू यायला लागली. मी ओठांतला माणूस, मला कळतं."

"वाईट झाला असं कधी वाटलं नाही?"

"कधीच नाही." मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं. "माई... ती जाड वायर कुठून कुठं जात होती?"

"भिंतीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत," माई म्हणाली. "दिव्यांना वीज पोचवत होती."

डॉक्टरांनी खुर्चीवरचा दिवा मालवला. "तुमची दाढ उत्तम आहे," ते शेवटी पडेल आवाजात म्हणाले. "या आता."

४

मेहुण्याचं दुकान बाजारातल्या गल्लीत होतं. फोनची कव्हरं, घड्याळातले सेल, टीव्हीचे रिमोट, आणि वरच्या फळीवर ओळीनं मांडलेल्या जेवणाच्या डब्याएवढ्या काळ्या पेट्या. माईला पाहून मेहुण्यानं हातातलं कापड त्या पेट्यांवर पांघरायचा प्रयत्न केला. तोही उशिरा.

"नख दाखव," माई म्हणाली.

"काय?"

"उजव्या हाताच्या अंगठ्याचं. त्याखाली स्टिकरचा डिंक अजून असेल."

मेहुण्यानं हात पाठीमागं नेला आणि मग मुकाट्यानं पुढं केला. "माई, आईशप्पथ मी काही केलं नाही. कपाट सरकलं, मी वाकून पाहिलं, तर पेटीवर माझ्याच दुकानाचा स्टिकर! माझी पाचावर धारण बसली. भाऊजींनी पाहिला असता तर मला तिथंच उलटा टांगला असता. म्हणून खरवडला."

"आवाजाचं काय? तुला फरक कळला होता?"

"कळला म्हणजे काय! स्पीकर मी आतल्या बाजूला वळवून दिले ना, तेव्हा सगळं उलगडलं. भाऊजींनी नव्या व्हॉल्व्हची जोडी बसवली त्या रविवारी तर मला रडू फुटलं होतं." तो थांबला. त्यानं वरच्या फळीकडं पाहिलं. "म्हणजे मी या पेटीच्या आवाजाला रडलो? ही तर मी दुकानात दिवसभर वाजवतो. एकदाही रडलो नाही."

"ते राहू दे. अशी पेटी आठ महिन्यांपूर्वी तुझ्याकडून कुणी नेली?"

मेहुणा कापडाची घडी घालू लागला. मग ती मोडून पुन्हा घालू लागला.

"बोल रे."

"अक्कानं," तो हळूच म्हणाला. "माझ्या बहिणीनं. आप्पांच्या टीव्हीला आवाज कमी पडतो म्हणाली."

५

माई घरी आली तेव्हा आप्पा त्यांच्या खोलीत फुटबॉलची मॅच बघत होते. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद होता. त्याला एकही जादा वायर जोडलेली नव्हती.

"आप्पा, आवाज नको का?" माईनं खुणेनं विचारलं.

"बॉल दिसतो की," आप्पा म्हणाले. ते टीव्ही बघता बघता जुनं टेबल-घड्याळ दुरुस्त करत होते. आयुष्यभर त्यांनी टाइपरायटर दुरुस्त केले होते आणि हात स्वस्थ बसत नसत. माईनं घड्याळाच्या मागच्या बाजूकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि स्वयंपाकघराकडं वळली.

भावजय भाजी चिरत होती. शेजारच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन उघडं होतं. अर्ध्या गल्लीचे कपडे तिच्याकडं यायचे. माईनं पाट ओढला आणि शेंगा मोडायला घेतल्या.

"अगं, ते दूध करपलं होतं ना, आठ महिन्यांपूर्वी..."

"हो वन्सं," भावजय चटकन म्हणाली. "माझ्याच हातून. लक्ष नव्हतं माझं. चूक झाली."

माईच्या हातातली शेंग तशीच राहिली. अठ्ठावीस वर्षं ती या बाईला ओळखत होती. आजवर या घरात मीठ जास्त पडलं तर ते मीठवाल्याचं चुकायचं, कपडा आखूड झाला तर गिऱ्हाईक उंच झालेलं असायचं. "चूक झाली" हे दोन शब्द हिच्या तोंडून माईनं आज पहिल्यांदा ऐकले.

"कुठल्या पातेल्यात करपलं गं?"

"त्या... मोठ्या."

"घासायला त्रास झाला असेल."

"नाही, लगेच निघालं."

माईनं हातातली शेंग मोडली. पण पेटी आणून बसवणं एकट्या भावजयीचं काम नव्हतं. तिला फ्यूज बदलायचा म्हटलं तरी ती शेजाऱ्याला हाक मारी. तिनं पेटी आणली, दोऱ्याच्या गाठी तिच्या. मग डाग कुणी दिला? आतली वायर कुणी सोडवली? उभ्या खाचांचे स्क्रू कुणी पिळले?

माई गॅलरीत जाऊन बसली आणि एक्स्चेंजमध्ये बसायची तशी ताठ बसून आठवू लागली. कोण काय बोललं यापेक्षा कोण बोलायचं थांबलं, हे आधी बघायचं असतं. आणि मग तिला फोन आठवले.

वर्षानुवर्षं तिला या घरातून आठवड्याला दोन फोन यायचे. मंगळवारी आप्पांचा, पलीकडचं ऐकू येत नसल्यानं ते फक्त आपलं सांगून ठेवून देत: तुझी भावजय मला मुद्दाम फिका चहा देते. शुक्रवारी भावजयीचा: तुमचे वडील माझ्या कात्रीनं तारा कापतात. दोघांचं भांडण असं नियमित होतं की माई त्यावर घड्याळ लावत असे. आणि गेले कित्येक महिने दोन्ही फोन बंद होते. तिनं समजूत करून घेतली होती, की दोघं वयानं निवळले.

निवळले कसले! तिनं बोटांवर मोजलं. आठ महिने.

६

पुढच्या रविवारी सकाळी दहाला माईनं सगळ्यांना खोलीत बसवलं. डॉक्टर फक्त चप्पल परत घ्यायला आलोय असं सांगत आले आणि सर्वांत चांगल्या खुर्चीत बसले. आप्पांना माईनं मधोमध, सगळ्यांचे ओठ दिसतील असं बसवलं.

"बाळू खून म्हणाला," माईनं सुरुवात केली, सगळे शब्द सुटे सुटे उच्चारत. "पण खुनी प्रेत टाकून पळतो. या माणसानं प्रेताला पावडर लावून खुर्चीत बसवलंय, आणि त्याच्या तोंडून आवाज काढलाय. का? तर बाळूला कळू नये म्हणून. हा शत्रू नव्हे. म्हणून डॉक्टर सुटले."

"ऐकलंस?" डॉक्टर बाळूला म्हणाले.

"स्टिकर मेहुण्यानं खरवडला, पण घाबरून. पेटी त्यानं विकली आणि विसरला. आता ही पेटी बसवली दोन माणसांनी. एकाला दोऱ्याची सारखी गाठ मारायची सवय आहे. दुसऱ्याला स्क्रू पिळल्यावर खाच उभी ठेवायची सवय आहे. टाइपरायटर दुरुस्त करणारे तसं करतात, म्हणजे नंतर कुणी हात लावला तर कळतं. दुधाचा वास म्हणून जो वास आला तो ट्रान्सफॉर्मरचा. न करपलेल्या दुधाचा गुन्हा एका बाईनं माझ्यासमोर कबूल केला. आणि ज्या आठवड्यात हे झालं त्या आठवड्यापासून या घरातली दोन माणसं एकमेकांशी भांडायची थांबली. एकदम, दोघंही. एकाच्या हातात दुसऱ्याचं गुपित असलं की भांडता येत नाही."

मग भावजयीनं पदरानं हात पुसले.

"स्पीकरची वायर यांनी काढली," ती आप्पांकडं बोट दाखवून म्हणाली.

"सुई तू टेकवलीस!" आप्पा कडाडले.

"वायर निसटली ती तुम्ही स्पीकर इकडं ओढायला निघालात म्हणून! मी म्हटलं होतं, थांबा, आधी बंद करते!"

"मला काय ऐकू येतंय तू काय म्हणतेस ते! आवाज येईना म्हणून मी बटण फिरवलं!"

"शेवटपर्यंत फिरवलंत! स्पीकर जोडलेलाच नाही आणि हे आपले फिरवतायत, फिरवतायत! आवाजाला बाहेर वाटच नाही, मग आतल्या आत जळेल नाहीतर काय!"

आठ महिन्यांचं तुंबलेलं भांडण धो धो वाहू लागलं. बाळू एकदा इकडं, एकदा तिकडं पाहत होता.

"थांबा," तो म्हणाला. "तुम्ही दोघं... हा लावत होता? तुम्ही? आप्पा, तुम्ही तर याला भट्टी म्हणता. आणि तू म्हणतेस याच्या उकाड्यानं घरात राहवत नाही."

भावजयीचा आवाज खाली आला. "तुम्ही कचेरीत गेलात की लावायचो," ती म्हणाली. "दुपारी. मी शिवत बसायची, हे इथं बसायचे. ज्याची तबकडी आधी लागेल त्याची. रोज भांडण. जळला त्या दिवशी आम्ही ठरवलं, संध्याकाळी सांगू. तुम्ही आलात ते शीळ घालत. कचेरीत खिडकीवर बसवल्यापासून तुम्ही शीळ घातली नव्हती. मग यांनी माझ्याकडं पाहिलं, मी यांच्याकडं. मी म्हटलं, दूध करपलं."

बाळूनं चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

"पण मी व्हॉल्व्हची नवी जोडी बसवली," तो म्हणाला. "आणि मला फरक ऐकू आला. स्वच्छ ऐकू आला."

"मलाही," डॉक्टर जमिनीकडं पाहत म्हणाले.

"मी रडलो," मेहुणा म्हणाला.

"रोज अर्धा तास आधी तापवायचो मी त्याला," बाळू म्हणाला. "आठ महिने. आणि आपल्यापैकी एकालाही कळलं नाही?"

"मला कळत होतं," आप्पा म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आप्पा उठले, काठी न घेता स्पीकरपाशी गेले आणि त्याच्या लाकडी कडेवर तळहात टेकवला. "मी इथं हात ठेवून ऐकतो. तुझी भट्टी चालू असताना खालचा सूर इथपर्यंत यायचा." त्यांनी कोपर दाखवलं. "या डबीचा मनगटाशी मरतो. पहिल्याच दिवशी कळलं. पण तू डोळे मिटून इतका खूश होतास. मी कोण सांगणार, बहिरा माणूस!"

बाळू उठून त्यांच्याजवळ गेला. त्यानंही लाकडावर हात ठेवला, जणू काही वाजतच होतं. मग तो डॉक्टरांकडं वळला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "माझं चुकलं."

"तोंड जरा मोठं उघडून म्हण," डॉक्टर म्हणाले.

७

तसला ट्रान्सफॉर्मर आता कुठं मिळत नाही. तो हातानं गुंडाळावा लागतो, केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, प्रत्येक थरावर कागद. घराचा रंग वाळला तरी माई गेली नाही. हे कसं होतं ते तिला बघायचं होतं.

काम भावजयीच्या शिवणाच्या मशीनवर झालं. आप्पांनी मशीनच्या चाकाला रीळ बसवून दिलं, भावजय हातानं चाक फिरवी, बाळू तार सोडी. नकाशे काढणारी बोटं. एक वेढा दुसऱ्यावर चढू देत नसत. वेढे मोजायचं काम डॉक्टरांकडं होतं आणि दवाखाना बंद झाला की ते थेट तिकडं येत. दोनदा आप्पा आणि भावजय कात्रीवरून असे भांडले की डॉक्टर आकडा विसरले आणि सगळं उलगडून पहिल्यापासून करावं लागलं. बाळूची काही तक्रार नव्हती. तो कचेरीतून लवकर येऊ लागला होता.

सहा आठवड्यांनी, रविवारी सकाळी, पत्रा बसला. स्क्रू आप्पांनी पिळले. बाळूनं वायरी जोडल्या, व्हॉल्व्ह पेटले, सगळे आपापल्या जागी बसले. भावजय या वेळी चहा ठेवून गेली नाही, तिनं खुर्ची ओढून घेतली. सुई टेकली, सनई सुरू झाली. बाळू, डॉक्टर आणि मेहुणा यांचे डोळे आपोआप मिटले.

"काय ऊब आहे!" डॉक्टर कुजबुजले. "याला म्हणतात भरीव आवाज."

"खोली कशी भरून गेली बघा," मेहुणा म्हणाला. त्यानं डोळ्यांना रुमाल लावला.

आप्पा दोन्ही स्पीकरांच्या मध्ये उभे होते, दोन हात दोन बाजूंना टेकवून. त्यांनी डावा हात उचलला, परत ठेवला. मग उजवा उचलला.

"बाळू," ते म्हणाले, "उजवा बंद आहे."

तिघांनी डोळे उघडले. कुणी कुणाकडं पाहिलं नाही. बाळू ओणवा होऊन कपाटामागं गेला, तिथून त्याचं "अरेच्चा" ऐकू आलं, आणि उजव्या स्पीकरची निसटलेली वायर त्यानं जागेवर बसवली.

आता सनई दोन्ही बाजूंनी आली. आप्पांच्या बाहीची कड थरथरत होती. डॉक्टरांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आप्पांकडं पाहिलं, आणि मिटलं. मेहुण्यानंही विचार बदलला. बाळू कपाटामागून बाहेर आला, तसाच जमिनीवर बसला, आणि पूर्ण बाजू संपेपर्यंत सहाही जणांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही.